डोळे तपासता, झोप कोण तपासणार?

रेल्वेच्या इंजिनात पाऊल ठेवू पाहणाऱ्या तरुणाकडून सरकार काय मागते, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे. सहायक लोको पायलट या पदासाठी ‘ए-१’ हा वैद्यकीय दर्जा लागतो. रेल्वेतील सर्व दर्जांत हा सर्वांत कडक. चष्म्यावाचून दोन्ही डोळ्यांची दूरची नजर ६/६ हवी. जवळचे अक्षरही चष्म्यावाचून वाचता आले पाहिजे. त्यावर पुन्हा डोळ्यापुढे भिंग धरून, नजरेत दडलेला दोष शोधणारी ‘फॉगिंग टेस्ट’ आहे. रंग ओळखणे, दोन्ही डोळ्यांनी मिळून एक प्रतिमा पाहणे, रात्री दिसणे, संधिप्रकाशात दिसणे, बाजूचे दिसणे अशा एकेका गोष्टीची परीक्षा होते. नजर सुधारण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेतली असेल तर उमेदवार बाद. शरीराच्या बरोबरीने मनाचीही तपासणी आहे: स्मरणशक्ती, सूचना पाळण्याची क्षमता, अंतराचा अंदाज, एकाग्रता आणि आकलनाचा वेग यांच्या पाच चाचण्या संगणकावर द्याव्या लागतात, आणि प्रत्येकीत किमान ४२ चा गुणांक मिळवावा लागतो. कोणत्याही प्रवर्गाला त्यात सवलत नाही.

या कसोट्यांविरुद्ध आमची तक्रार नाही, हे आरंभीच स्वच्छ सांगितलेले बरे. दोन हजार प्रवाशांचे प्राण ज्याच्या दोन डोळ्यांवर अवलंबून आहेत, त्याचे डोळे निर्दोष असलेच पाहिजेत. उमेदवारांच्या संतापाला वाट करून देण्याच्या भरात आपल्यातील काही उत्साही मित्र “नजरेची अट शिथिल करा” अशी मागणी करू लागले आहेत. ही मागणी चुकीची आहे. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात उभ्याने प्रवास करणारा मजूरही आमचाच आहे. त्याच्या जिवाशी तडजोड करून कोणा बेकाराला नोकरी मिळवून देणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या शरीराची इतकी काटेकोर पारख करून सरकार ते विकत घेते, त्या शरीराचे पुढे ते काय करते? दारावर सोने म्हणून तोलून घेतलेला माणूस आत गेल्यावर कोळशासारखा का जाळला जातो?

प्रथम दाराबाहेरची स्थिती पाहू. वाफेच्या इंजिनांच्या काळात चालक होण्याची एक शिडी होती. गरिबाचा मुलगा शेडमध्ये इंजिन पुसणारा क्लीनर म्हणून लागे, पुढे दुसरा फायरमन, मग पहिला फायरमन, आणि वर्षानुवर्षे फावड्याने कोळसा ओढून झाल्यावर केव्हातरी ड्रायव्हर. ती शिडी न्याय्य होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ब्रिटिश अमदानीत मेलगाड्यांची इंजिने प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन चालकांच्या हाती ठेवली जात, आणि त्याच गाड्यांच्या भट्ट्यांत काळ्या कातडीचा माणूस कोळसा टाकत असे. एंजिनातील उष्म्यात घाटाची चढण कोळसा ओढून पार करण्याइतके बळ ज्याच्या दंडात होते, त्याला मेलगाडी हाकण्याची ‘पात्रता’ मात्र नव्हती. ‘पात्रता’ या शब्दाआड सत्ता काय काय लपवू शकते, याचा हा जुना धडा. तरीही त्या शिडीला एक गुण होता. माणूस कामाच्या जागीच घडत असे, आणि त्याची पारखही कामातच होत असे.

आज ती शिडी गेली. आयटीआय किंवा पदविका हाती घेऊन तरुणाने भरती मंडळाच्या जाहिरातीची वाट पाहायची. आणि वाट किती पाहायची? सहायक लोको पायलटांची भरती २०१८ मध्ये निघाली. त्यानंतरची निघाली ती थेट जानेवारी २०२४ मध्ये. मधल्या सहा वर्षांत जी मुले चोविसाची होती ती तिशीची झाली. करोनाचे कारण देऊन वयोमर्यादा तीस वरून तेहतीस करावी लागली, यातच सारे आले. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत, लातूर-नांदेडच्या भाड्याच्या खोल्यांत आणि जळगाव-भुसावळच्या रेल्वे वसाहतींत या मुलांनी ती वर्षे ट्यूबलाइटखाली पुस्तके वाचण्यात घालवली. सतत जवळचे वाचन आणि उघड्यावरच्या उजेडाचा अभाव यांचा दूरची नजर अधू होण्याशी संबंध आहे, हे नेत्रवैद्यकाने सांगून ठेवले आहे. म्हणजे ज्या परीक्षेसाठी डोळे शिणवायचे, त्याच परीक्षेच्या शेवटी डोळे शिणले म्हणून बाद व्हायचे! संगणकावरच्या दोन परीक्षा, मग मानसिक चाचणी, मग कागदपत्रे, आणि अंतिम वैद्यकीय तपासणी अगदी शेवटी. तिथे नापास झालेल्याला रेल्वेत दुसरे पर्यायी पद दिले जाणार नाही, असे जाहिरातीतच बजावलेले असते.

या शेवटच्या टप्प्यावर बाद होणारा मुलगा कोणत्या घरातला असतो? सुखवस्तू घरातील मुलाचे डोळे शाळेतच तपासले जातात. आपली नजर या नोकरीला पुरणार नाही हे त्याला पंधराव्या वर्षी कळते आणि तो दुसरी वाट धरतो. शेतमजुराच्या मुलाच्या डोळ्याला पहिल्यांदा भिंग लागते ते रेल्वेच्या दवाखान्यात किंवा त्याआधीच्या प्रमाणपत्रासाठी, आई-बापाने क्लासची फी कर्ज काढून भरल्यानंतर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे. प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातही हे प्रमाण ३५.२ टक्के आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६७ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. जे राज्य पाचव्या वर्षी मुलाला पोटभर अन्न देण्याची हमी घेत नाही, ते पंचविसाव्या वर्षी त्याच्याकडे निर्दोष शरीराची हमी मागते. देशाने शरीर घडवण्यात आपला वाटा उचलायचा नाही आणि घडलेल्या शरीरांतून मात्र निवड करायची, या व्यवहाराला आम्ही गुणवत्ता म्हणत नाही.

असो. समजा, मुलगा सर्व चाळण्यांतून पार पडला. त्याचे प्रशिक्षण झाले. इंजिनाची यंत्रणा, सिग्नलांचे नियम, ब्रेकची गणिते त्याने पाठ केली. मार्गाची ओळख करून घेत तो जुन्या चालकाच्या बाजूला उभा राहिला. कसारा-इगतपुरी किंवा कर्जत-लोणावळा या घाटांत सदतिसास एक अशी चढण आहे. तिथे गाडी चढवण्यापेक्षा उतरवणे कठीण, हे पुस्तकातून कळत नाही, हाताला आणि कानाला कळावे लागते. मालगाडी मध्येच अडली तर दोष शोधत खडीवरून पार शेवटच्या वाघिणीपर्यंत चालत जाण्याचे काम सहायकाचेच. रात्र असो, पाऊस असो, ही पायपीट त्याला चुकत नाही. शरीर लागते ते इथे.

आणि या शरीराला विश्रांती किती? नियम कागदावर आहेत. गाडी चालवण्याची ड्यूटी साधारणतः ९ तासांच्या वर जाऊ नये. पण नियंत्रकाने वेळीच सूचना दिली की ती वाढते, आणि हजेरी लावल्यापासून हजेरी सोडेपर्यंत ११ तासांची मुभा राहते. अडचणीच्या प्रसंगी त्याच्याही पुढे. पंधरवड्याला १०४ तास. सलग चार रात्री काम करणे नियमात बसते. चालकांची मागणी आहे की दोनच रात्री असाव्यात. मुख्यालयापासून ७२ तासांपर्यंत दूर ठेवता येते. चालकांची मागणी आहे ३६ तासांची. प्रवासी गाडीच्या चालकाला निदान वेळापत्रक असते. मालगाडीच्या चालकाला फक्त ‘कॉल’ असतो. दुपारी येईल, मध्यरात्री येईल, पहाटे येईल. पूर्वी शेडचा माणूस घरी येऊन दार ठोठावत असे, आता फोन वाजतो. कॉल आला की दोनेक तासांत लॉबीत हजर व्हायचे.

सकाळी सहाला उठलेला चालक घ्या. दिवसभर मुलाची शाळा, रेशन, आजारी आई असे घरचे व्याप त्याने केले. कॉल केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे झोपावे की नाही हे त्याला ठरवता आले नाही. रात्री आठला फोन वाजला, दहाला तो हजर झाला. ही नऊ तासांची ड्यूटी अगदी नियमात संपली तरी सकाळी सात वाजलेले असतात. म्हणजे तो पंचवीस तास जागा आहे. १९९७ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात डॉसन आणि रीड या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष असा की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातडोळ्याचे कौशल्य रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते आणि चोवीस तासांनंतर ते सुमारे ०.१० टक्के मद्याइतके घसरते. आता लॉबीतील दृश्य आठवा. हजेरी लावताना चालकाला नळीत फुंकर मारायला लावतात, श्वासात दारू आहे का हे यंत्र पाहते. योग्यच आहे. परंतु जी झिंग दारूने येत नाही, जी प्रशासनाच्या कॉलने येते, ती मोजणारे यंत्र कोणत्या लॉबीत बसवले आहे? एक घोट घेतलेल्या चालकाला रेल्वे इंजिनात चढू देत नाही. चोवीस तास जागवलेल्या चालकाकडून मात्र ती गाडी नेऊन घेते.

आठवड्याच्या विश्रांतीचा वाद तर आकड्यांचाच आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याने धावत्या कर्मचाऱ्यांना महिन्यात किमान चार वेळा सलग ३० तास किंवा पाच वेळा सलग २२ तास विश्रांती दिली आहे. फेरी पूर्ण करून घरी आल्यावर मिळायची १६ तासांची विश्रांती निराळी. चालक म्हणतात, १६ आणि ३० मिळून ४६ तास झाले. प्रशासन म्हणते, सोळा तास तीसमध्येच मोजा. इतर सरकारी कर्मचाऱ्याने शनिवारी संध्याकाळी कचेरी सोडली की सोमवारी सकाळपर्यंतचा काळ त्याचा असतो. त्याच्या रात्रीच्या झोपेला कोणी ‘साप्ताहिक सुट्टी’ म्हणत नाही. चालकाची रोजची झोपच त्याच्या सुट्टीच्या हिशेबात वळती केली जाते. जून २०२४ मध्ये केरळातील चालकांनी हा हक्क स्वतःच अमलात आणला. ते ४६ तास पुरे झाल्यावरच कामावर आले. प्रशासनाने उत्तर दिले ते शिस्तभंगाच्या कारवाईने.

मग पोटाचा आणि लघवीचा प्रश्न. हे शब्द छापताना संकोच वाटत असेल तर तो दूर ठेवला पाहिजे. ज्यांना हे रोज भोगावे लागते, त्यांना संकोचाची चैन परवडत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. इंजिनात शौचालय बसवल्याचा पहिला समारंभ झाला २०१६ साली. मध्ये एकशे त्रेसष्ट वर्षे गेली. रेल्वेने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ८८३ इंजिनांत पाण्याविना चालणारी मुतारी बसली होती. इंजिनांची एकूण संख्या पंधरा हजारांहून अधिक आहे. जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठरावीक अवकाश द्यावा, ही चालकांची मागणी रेल्वे मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये फेटाळली. वाहतुकीच्या दृष्टीने ते व्यवहार्य नाही, असे कारण दिले. फुंकर मारून घेणे व्यवहार्य आहे, इंजिनात चालकावर नजर ठेवणारा कॅमेरा बसवणे व्यवहार्य आहे. दहा मिनिटे गाडी थांबवून माणसाला माणसासारखे वागू देणे तेवढे व्यवहार्य नाही!

या कामात स्त्रिया आल्या आहेत, याचा आम्हांला अभिमान आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव या आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या सहायक चालक म्हणून लागल्या, २०११ च्या महिलादिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस त्या निवृत्त झाल्या. दर महिलादिनी अशा कर्तबगार स्त्रियांच्या हाती हिरवा झेंडा देऊन मंत्र्यांची छायाचित्रे निघतात. परंतु मालगाडीवर लागलेली तरुण सहायक स्त्री ड्यूटीच्या आधी पाणी प्यावे की नाही याचा हिशेब करते, त्याचे छायाचित्र निघत नाही. तहान मारून काढलेल्या रात्रींचे मूत्रपिंडांवर काय होते, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे. भरतीच्या दिवशी तिच्या शरीराची इंच-इंच तपासणी करणाऱ्या व्यवस्थेने या एका प्रश्नाची तपासणी केलेली नाही.

शरीर झिजले की काय होते? चालकाची वैद्यकीय तपासणी सेवाभर चालू राहते. पंचेचाळीस वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, पुढे पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. या तपासणीत दर्जा गेला तर नोकरी जात नाही. अपंगांच्या हक्कांच्या १९९५ च्या आणि त्यानंतरच्या २०१६ च्या कायद्याने पद आणि वेतनश्रेणी यांना संरक्षण दिले आहे. हे संरक्षण मोठ्या लढ्यांचे फळ आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु चालकाच्या मिळकतीचा मोठा भाग धावलेल्या किलोमीटरवर मिळणाऱ्या भत्त्याचा असतो. इंजिन सुटले की किलोमीटर सुटले. वेतन ठरवताना त्याची काही भरपाई धरली जाते, तरी घराचा हप्ता आणि मुलांची फी ज्या रकमेवर बेतलेली असते ती रक्कम उरत नाही. त्यामुळे ज्या तपासणीकडे आपल्या प्रकृतीची राखण म्हणून पाहायचे, तिच्याकडे चालक न्यायालयाच्या पायऱ्यांकडे पाहावे तसा पाहतो. रक्तदाब वाढला तर उपचाराआधी भीती वाटते. किलोमीटरवर पैसा आणि किलोमीटरनेच आजार, अशी ही रचना आहे. तिने निर्माण केलेल्या आजाराची किंमत मात्र आजाऱ्यानेच मोजायची.

आणि अपघात झाला की? तेव्हा ही सारी व्यवस्था अदृश्य होते, उरतो फक्त एक माणूस आणि त्याचे दोन डोळे. याची परंपरा जुनी आहे. १८७५ च्या नोव्हेंबरात स्वीडनमधील लागेर्लुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे दगावली. मृत चालक रंगांधळा असावा, असे उप्साला विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी मांडले. त्यातूनच रंगीत लोकरीच्या लडींची त्यांची चाचणी जगभरच्या रेल्वेत पोचली. चाचणी उपयुक्तच होती. परंतु तो चालक खरोखर रंगांधळा होता याला पुरेसा पुरावा नव्हता, असे एकविसाव्या शतकातील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मेलेल्या माणसाचे डोळे तपासता येत नाहीत, आणि त्याला उत्तरही देता येत नाही. दोष ठेवायला याहून सोयीची जागा कोणती?

जवळपास दीडशे वर्षांनी बंगालमधील रंगापाणीजवळ तेच घडले. १७ जून २०२४ रोजी कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. मालगाडीचा चालक मृतांत होता. त्याच दिवशी रेल्वे मंडळाकडून सांगण्यात आले की, चालकाने सिग्नल मानला नाही. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी चौकशी केली तेव्हा चित्र बदलले. त्या भागातील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बिघडले होते. लाल सिग्नल ओलांडण्याची परवानगी देणारा कागद चालकाला स्थानकातूनच मिळाला होता, आणि किती वेगाने जावे हे त्यावर नमूद नव्हते. त्या सकाळी असाच कागद मिळालेल्या गाड्यांपैकी बहुतेकांच्या चालकांनी वेगमर्यादा पाळली नव्हती, कारण अशा प्रसंगी काय करावे याचे पुरेसे प्रशिक्षण कोणालाच दिलेले नव्हते. आयुक्तांनी अपघाताचे मूळ व्यवस्थेत दाखवले. परंतु पहिल्या दिवशीचा मथळा त्या मृताच्या घरापर्यंत पोचला होता. चौकशीचा अहवाल तितक्या वेगाने पोचत नाही.

याच अपघातानंतर आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या कार्यकर्त्यांनी सभांतून वारंवार सांगितली पाहिजे. जानेवारी २०२४ च्या जाहिरातीत सहायक लोको पायलटांच्या जागा ५,६९६ होत्या. अपघातानंतर दोन-तीन दिवसांत त्या १८,७९९ करण्यात आल्या. तेरा हजार माणसांची गरज आठवडाभरात आकाशातून पडली काय? ती गरज आधीपासून होती. तेरा हजार माणसांचे काम तोवर जे कामावर होते त्यांच्या झोपेतून काढले जात होते. वाहतुकीच्या सोयीसाठी विश्रांती देता येत नाही, या युक्तिवादाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. विश्रांती देता येत नव्हती, कारण माणसे भरायची नव्हती.

कोणी म्हणेल, आता ‘कवच’ येत आहे, यंत्र स्वतःच गाडी थांबवील. येऊ द्या, लवकर येऊ द्या. देशाच्या बहुतांश मार्गांवर त्याला अजून पोचायचे आहे. परंतु यंत्र आले म्हणून माणसाला अधिक ताणता येईल, असा हिशेब कोणी मांडत असेल तर त्याला आजच विरोध केला पाहिजे. वाफ गेली, डिझेल आले, वीज आली. प्रत्येक वेळी चालकाचे काम हलके झाल्याचे सांगण्यात आले. दंडाचे काम हलके झाले हे खरे आहे, पण डोळ्यांचे आणि मनाचे काम वाढले. ताशी १३० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत सिग्नल वाचायला मिळणारा क्षण पूर्वीपेक्षा छोटा आहे.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. हा प्रश्न समाजवाद्यांना परका नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिनचालक संपावर गेले, तेव्हा दहा तासांच्या ड्यूटीची मर्यादा सरकारला मान्य करावी लागली. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी रेल्वे संपात आठ तासांच्या दिवसाची मागणी अग्रभागी होती. जॉर्ज फर्नांडिस यांना संपापूर्वीच, २ मे रोजी, अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले, कित्येकांच्या बायकामुलांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. तो संप वीस दिवसांनी मागे घ्यावा लागला. पुढे १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी बडतर्फ संपकऱ्यांना परत घेतले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर फोमची गादी घातली. गरीब प्रवाशाच्या पाठीलाही हाडे असतात, हे ओळखणारा मंत्री आपल्या परंपरेने दिला. मात्र इंजिनात बसलेल्या माणसाच्या पाठीचा, पोटाचा आणि झोपेचा प्रश्न तडीस नेण्याचे काम राहून गेले. पन्नास वर्षे उलटली, दहाचे तास अकरावर ताणले जात आहेत, आणि आपण १९७४ च्या आठवणींचे कार्यक्रम करतो. केवळ आठवणींवर चळवळ जगत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. भरतीचा अर्ज करतानाच जिल्हा रुग्णालयात नेत्रतपासणी मोफत व्हावी, म्हणजे गरिबाची वर्षे आणि कर्ज वाया जाणार नाही. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन केवळ नजरेमुळे बाद झालेल्यांचा रेल्वेतील दुसऱ्या पदांसाठी विचार व्हावा. ४६ तासांची साप्ताहिक विश्रांती आणि सलग दोनच रात्रींची मर्यादा नियमात यावी. प्रत्येक इंजिनात शौचालय आणि प्रत्येक ड्यूटीत जेवणाची सुट्टी असावी. आजारामुळे इंजिन सोडावे लागलेल्या चालकाची मिळकत पूर्णपणे राखली जावी. आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीत चालकाच्या आधीच्या पंधरा दिवसांच्या ड्यूटीचा आणि विश्रांतीचा तक्ता प्रसिद्ध केला जावा. तो तक्ता छापून येईपर्यंत कोणत्याही मंत्र्याने वा अधिकाऱ्याने चालकाला दोषी ठरवू नये.

भुसावळ, अजनी, कल्याण, दौंड, मनमाड या ठिकाणी आपले कार्यकर्ते आहेत. त्यांनी रनिंग रूममध्ये जावे, चालकांशी बोलावे, त्यांच्या गेल्या महिन्याच्या रात्री मोजाव्यात. त्याच गावांतील अभ्यासिकांत बसलेल्या मुलांशीही बोलावे. आत शिणलेला चालक आणि बाहेर ताटकळणारा उमेदवार एकमेकांचे शत्रू आहेत, असे भासवण्यात सरकारचे हित आहे. वस्तुतः एकाला हवी असलेली झोप आणि दुसऱ्याला हवी असलेली नोकरी ही एकच मागणी आहे. सरकारने उमेदवाराकडे ६/६ ची नजर जरूर मागावी. मात्र ती नजर निवृत्तीच्या दिवसापर्यंत शाबूत ठेवण्याची जबाबदारी ज्याने ती मागितली त्याची आहे. ही जबाबदारी टाळणाऱ्या मालकाला, मग तो मालक भारत सरकार का असेना, कामगाराचे डोळे तपासण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.